तीस दिवसांचा महिना

प्रिय पाहुण्या,

तुला या नावाने हाक मारायचा मान खरं तर आईंचा. घरी यायचास तो चार दिवसांसाठी. त्यातले दोन झोपेत जायचे आणि उरलेल्या दोनांत नळ, बिजागऱ्या, पंखा असं काहीबाही उघडून तू घर डोक्यावर घ्यायचास. मग आई म्हणायच्या, पाहुणा आला की घरात स्क्रू कमी आणि पसारा जास्त. आज मी ते नाव उसनं घेतलंय, कारण नुसतं ‘प्रिय’ लिहिल्यावर पेन अडलं आणि बराच वेळ तसंच राहिलं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. डबा मी आज घाईघाईत उरकलाय.

मी नोकरी करते, हे तुला माहीत नसेल. तू गेल्यावर लागले. यंत्रं भाड्याने देणारी कंपनी आहे. जनरेटर, काँक्रीटचे मिक्सर, पाण्याचे पंप, लोखंडी शिड्या. पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल, खिडकीबाहेर यंत्रं धुवायची जागा, आणि सगळीकडे ग्रीसचा वास, तो केसांतून रविवारीसुद्धा जात नाही. कुठलं यंत्र कधी गेलं, कधी परत आलं, मधे किती काळ गेला, हे काढणं माझं काम. यंत्राचं वय तासांत असतं, गिऱ्हाईक दिवसांत बोलतं आणि साहेब महिन्यांत. या सगळ्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची ती मी. आणि आमचा महिना सरसकट तीस दिवसांचा. फेब्रुवारी असो नाहीतर मे, तीस म्हणजे तीस. एखादं नवीन गिऱ्हाईक एकतीस तारखेवरून हुज्जत घालायला लागलं की साहेब म्हणतात, आमच्याकडे ती तारीख उगवतच नाही. पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं. आता माझ्याही डोक्यात महिना म्हणजे तीस दिवस आणि वर्ष म्हणजे तसे बारा, हे पक्कं बसलंय. हे तुला का सांगतेय, ते पुढे कळेल.

आता मुद्द्याचं सांगते, नाहीतर सुट्टी संपेल. काल मी कोर्टात गेले होते. तू मेला आहेस असं ठरवून द्या, असा अर्ज घेऊन.

लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. दात काढताना भूल देतात ना, मग ओठ असतो पण आपला नसतो, चहा हनुवटीवरून ओघळतो आणि समोरचा सांगतो तेव्हा कळतं. तसं माझं बरीच वर्षं चाललंय. लोक म्हणतात, किती धीराची आहे. मी मान डोलावते. धीरबीर काही नाही रे. मला काही वाटतच नाही.

अर्जाचं कारण साधं आहे. आपली इमारत पाडून नवीन बांधणार आहेत. खालच्या शिंप्यापासून वरच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांनी सह्या दिल्या, त्यांना नव्या इमारतीत जागा लिहून मिळाली. आपली खोली तुझ्या नावावर. तुझी सही पाहिजे, नाहीतर तू नाहीस असा कागद पाहिजे. दोन्ही नसेल तर आम्ही तिघी इमारत पडायच्या आधी बाहेर आणि नंतरही बाहेर. वकीलबाईंनी कायदा समजावून सांगितला. ज्यांना माणसाची खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं काहीच खबर लागली नाही, तर तो माणूस गेला असं धरता येतं. सात वर्षं घरातून निघाल्यापासून नाही, शेवटची खबर आली तेव्हापासून. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, शेवटची खबर कधीची?

आणि मला तारीख सांगता येईना.

तू निघालास ती तारीख मला झोपेतून उठवून विचार, सांगेन. पण शेवटचा फोन हा शेवटचा आहे हे तेव्हा कोणाला माहीत होतं? रविवार होता, कारण तुमच्या बांधकामाच्या साइटला सुट्टी रविवारचीच असायची. तू नेहमीसारखा आधी खोकलास, भाषणाला उभा राहिल्यासारखा. मग मोरीतल्या नळाचा वायसर बदलला का विचारलंस. मी म्हटलं, नाही बदलला, टपटपतोय, तू आलास की बदल. आपल्या बारकीने फोन ओढून घेतला आणि अजून किती झोपा राहिल्या विचारलं. तू तिला महिने कधी सांगायचा नाहीस, झोपा सांगायचास. एवढंच बोलणं. असल्या फोनची तारीख कोण लक्षात ठेवतं? पुढचे दोन रविवार फोन आला नाही, तेव्हा मी तुझ्यावर रागावले. तिसऱ्या रविवारी घाबरले.

ठेकेदाराने सांगितलं, काम संपलं, तो आपणहून गेला. तुझ्या खोलीतला तो क्रेनवाला पुढे सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला जाऊन भेटले. तो म्हणाला, वहिनी, सकाळी बॅग खांद्याला लावून रस्त्याकडे जाताना पाहिला, मला वाटलं घरीच निघाला. त्याच महिन्यात तिकडे एकदा माती ढासळली होती म्हणे, त्याबद्दल कोणी धड बोलत नाही. एक जण म्हणतो तू मातीखाली, एक म्हणतो तू रस्त्यावर. तू मेलास का पळालास, एवढंसुद्धा मला माहीत नाही. आणि दोन्हींसाठी वेगवेगळं वागावं लागतं. एकासाठी रडायचं, दुसऱ्यासाठी चिडायचं. मी वर्षभर आलटून पालटून दोन्ही केलं, मग दोन्ही सुटलं.

तर तारीख कोणाकडेच नव्हती, पण आकडा होता. आईंकडे. त्यांची मोजणी तुला आठवत असेल. तुझे वडील विहिरी खणायला गावोगाव जायचे, तेव्हापासूनची ती सवय, आणि त्यांनी ती त्यांच्या सासूबाईंकडून घेतलेली. बाहेर गेलेल्या माणसाचे दिवस मोजायचे. महिने नाही, वर्षं नाही, फक्त दिवस. सकाळी चहाचं आधण ठेवताना आकडा मोठ्याने म्हणायचा. आणि माणसाची काही खबर आली, फोन, चिठ्ठी, कोणाकडून नुसता निरोप, की मागचं सगळं सोडून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून सुरू. नवीन लग्न झालं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, आई, सरळ दोन महिने झाले म्हणा की. त्या म्हणाल्या, महिने म्हटलं की माणूस लांब जातो गं, तेरा दिवस म्हटलं की कसा, कोपऱ्यावर गेल्यासारखा वाटतो. तुझा फोन एक रविवार सोडून यायचा, त्यामुळे तू वर्ष वर्ष बाहेर असलास तरी आपल्या घरात आकडा कधी विसाच्या वर गेला नाही. तू कायम कोपऱ्यावरच होतास.

त्या फोननंतर त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली, ती मोजणी अजून चालू आहे. एकवीस म्हणताना त्यांचा आवाज जरा दबला, ते मला आठवतं. शंभर झाले तेव्हा मीच गॅस बंद करून बाहेर गेले होते. मधे त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं नाही, बारकीला विचारलं, आज कितवा? बारकीने मधल्या दोन सकाळी मोजून ठेवल्या होत्या. बारकी आता माझ्याहून बोटभर उंच आहे, तरी नाव बारकीच. नाक तुझं आहे आणि जीभ आईंची.

वकीलबाई म्हणाल्या, आकडा असेल तर तारीख तुम्हीच काढून आणा, सात वर्षं भरली की अर्ज देऊ. तेव्हा मी रोज सकाळी आईंचा आकडा ऐकायचा आणि ऑफिसला येऊन भागाकार करायचा, असं सुरू केलं. आधी तीसने, मग बाराने. त्या दिवशी रविवार होता, मी घरीच होते, आई पंचवीसशे वीस म्हणाल्या. तीसने भागलं, चौऱ्याऐंशी महिने. बाराने भागलं, सात वर्षं. बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार आमच्या ऑफिसात महिनोन् महिने होत नाही. मी वकीलबाईंना फोन करून सांगितलं, झाली.

मग तीन दिवस आवराआवर. तुझे शर्ट घड्या घालून वरच्या बॅगेत टाकले. तुझे ते तपकिरी बूट इतकी वर्षं दाराशीच होते, मी दर रविवारी पुसायचे. ते आमच्या ऑफिसच्या वॉचमनला दिले. त्याने तिथल्या तिथे घालून पाहिले, उड्या मारून पाहिल्या आणि म्हणाला, मॅडम, जणू माझ्याच मापाचे. बारकीला समोर बसवून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, शाळेत बाबांच्या नावापुढे आता काही लिहायचं असतं का? मी म्हटलं, विचारून सांगते. ती अभ्यासाला बसली आणि मी कांदा चिरायला घेतला. डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्याचं होतं, खरंच सांगते.

आईंची सही लागणार होती. मला वाटलं होतं, इथे गाडं अडेल. अडलं नाही. त्यांनी वकीलबाईंचा कागद पूर्ण वाचून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, माझ्या जबाबात वर्षं नकोत, मी वर्षं मोजलेली नाहीत. दिवस लिहा. वकीलबाईंनी त्यांना खूप समजावलं, कायद्याला वर्षं लागतात, वगैरे. आई हटल्या नाहीत. कायद्याला लागतात तर कायद्याने मोजावीत, म्हणाल्या. शेवटी काल सकाळी वकीलबाईंनी कंटाळून लिहून दिलं: माझ्या मुलाची शेवटची खबर आली त्याला आज पंचवीसशे तेवीस दिवस झाले. आईंनी खाली सही केली, त्यातल्या तुझ्या वडिलांच्या नावापाशी पेन जरा थांबलं.

खिडकीवरचा कारकून डबा उघडायच्या बेतात होता. त्याने कागद चाळले आणि एकदम परत पहिल्या पानावर आला. म्हणाला, बाई, तुमच्या अर्जात सात वर्षं वर तीन दिवस आहे, सासूबाईंच्या जबाबात पंचवीसशे तेवीस दिवस आहे. दोन्हींतलं खरं कुठलं? मी म्हटलं, दोन्ही एकच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मोबाइल काढला आणि माझ्यासमोर भागाकार केला. तीनशे पासष्टने. मोबाइल माझ्याकडे फिरवला. सहा पूर्णांक एक्याण्णव. सात होत नाहीत हो, तो म्हणाला, मधली दोन लीप वर्षं धरली तर अजून चौतीस दिवस पाहिजेत. तुम्ही वर्ष किती दिवसांचं धरलंत? मी म्हटलं, तीनशे साठ. आमच्याकडे एकतीस तारीख उगवत नाही. हे माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. मागच्या रांगेतला एक जण हसला. कारकून हसला नाही. त्याने कागद नीट जुळवून टाचणी लावली, खिडकीतून बाहेर सरकवले आणि म्हणाला, चौतीस दिवसांनी या, त्याआधी घेता येत नाही. अजून तो आहे, असं धरावं लागतं.

अजून तो आहे, असं धरावं लागतं. मी हे वाक्य घेऊन बाहेर आले आणि कोर्टाच्या पायरीवर बसले. तिथे बसून, कारकुनासारखं वर्ष तीनशे पासष्टचं धरून, बोटांवर मागे मागे गेले. मी काढलेली तारीख शुक्रवारची निघत होती. तुझा फोन शुक्रवारी कधी आलाय? माझं लक्षच गेलं नव्हतं, वकीलबाईंचंही नाही. आईंच्या आकड्याने मागे गेले, तर बरोबर रविवार आला. मग मला एकदम भूक लागली. म्हणजे पोटात खड्डा पडतो तशी. किती तरी वर्षांत मला भूक लागली नव्हती, वेळ झाली म्हणून जेवत होते. समोरच्या गाडीवरून चार केळी घेतली आणि पायरीवर बसूनच, लोकांच्या देखत, चारही खाल्ली. चौथं खाताना रडायला आलं. तेव्हा जवळपास कांदा नव्हता.

घरी आले तर आई दारातच होत्या. मी सांगितलं, अर्ज घेतला नाही, दिवस कमी पडतात. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, मी दिवसच सांगितले होते. वर्षं तू केलीस. यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. त्यांना आधीपासून माहीत होतं का, तेही विचारलं नाही. त्यांनी चहा टाकला. बारकीने सगळं ऐकलं आणि आत जाऊन वरच्या बॅगेतून तुझा निळा शर्ट काढून दाराच्या खिळ्याला लावला. मी तो तिथेच राहू दिला. बूट मात्र गेले. आज सकाळी वॉचमन ते घालून गेट उघडत होता, चांगले चकचकीत पॉलिश करून. आता परत कसे मागायचे?

सुट्टी संपली आहे. साहेबांनी काचेतून दोनदा पाहिलं. लिहू दे म्हटलं मनात, महिन्यातली एकतीस तारीख उगवली असं समजा.

तर हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुमच्या साइटच्या पत्त्यावर मी पूर्वी तीन पत्रं टाकली होती. दोन शिक्के मारून परत आली, तिसरं आलं नाही. त्या तिसऱ्याच्या भरवशावर हे चौथं टाकतेय. तू यावंस असं मला वाटतं का, हे मला आज सांगता येत नाही, खोटं कशाला लिहू. आलास तर आधी जेवायला वाढीन का आधी तोंडात मारीन, तेही माहीत नाही. पण आज सकाळी आई पंचवीसशे चोवीस म्हणाल्या, म्हणजे तेहतीस दिवस राहिले. चौतिसाव्या दिवशी, बुधवारी, मी त्या खिडकीवर जाणार, आणि या वेळी भागाकार चुकवणार नाही. बारकीला आणि आईंना डोक्यावर छप्पर पाहिजे, त्यात मागेपुढे पाहणार नाही. त्यानंतर तुला पत्र लिहायची नाही, मेलेल्या माणसाला पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नाही. तू मातीखाली असशील तर हे सगळं वाऱ्यावर गेलं, मला माफ कर. पण कुठे असशील, कुणाबरोबर असशील, यायचं नसेल, तोंड दाखवायची लाज वाटत असेल, तरी चालेल. काही विचारणार नाही. आपला फोन नंबर तोच आहे, मी बदलू दिला नाही. या तेहतीस दिवसांत एकदा फिरव. बोलू नकोस. सही कशी मिळवायची आणि घराचं काय करायचं ते मी बघेन. तू फक्त नेहमीसारखा खोक आणि ठेवून दे. मी आईंना एवढंच सांगेन की खबर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आधण ठेवतील आणि ‘एक’ म्हणतील.

तुझीच,
बुधवारपर्यंत तरी नक्की

ता. क. नळाचा वायसर मी बदलला. तीन वर्षं झाली. म्हणजे खरी, तीनशे पासष्टची.